बँकेतली बाळंतिणीची खोली

मुरुमच्या पेठेत त्या काळी, म्हणजे निजामाचं राज्य होतं तेव्हा, हडपदाच्या इरम्माला न ओळखणारा माणूस एक तर परगावचा असायचा, नाहीतर अजून जन्माला यायचा असायचा. हडपद म्हणजे लिंगायतांतले न्हावी. नवरा गावाच्या दाढ्या करायचा आणि इरम्मा गावाची बाळंतपणं. नवरा ऐन उमेदीत गेला, पोटी पोरबाळ नाही, पण इरम्मा काही कपाळाला हात लावून बसली नाही. दुसऱ्यांची पोरं हातात घेता घेता तिचे केस पांढरे झाले. रस्त्यानं निघाली की पोरं ‘इरक्का, इरक्का’ करत मागं लागायची आणि ती मिशा फुटलेल्या बाप्यांनाही सुनवायची, की तुला पहिल्यांदा उघडा पाहिलाय तो म्या, माझ्यापुढं ऐट नको.

बाई फटकळ होती, हे कबूल केलंच पाहिजे. पण बाळंतिणीशी खोटं बोलायचं नाही, हा तिचा नेम होता. दुसऱ्या सुइणी ‘आलंच बघ, झालंच बघ’ करत बाईला भुलवतात. इरम्मा सरळ सांगायची की अजून वेळ आहे, दुखणार आहे, चांगलंच दुखणार आहे, पण म्या इथं हाय. बायांना तेवढं पुरायचं. घाबरलेल्या माणसाला खरं सांगणारं कुणीतरी जवळ असलं की निम्मी भीती तिथंच जाते, हे ज्याला पटत नाही त्यानं एकदा घाबरून बघावं.

तिचं खरं राज्य मात्र होतं शरणबसप्पाच्या घरातल्या मागच्या खोलीत. शरणबसप्पा कापसाचा आडत्या. त्याच्या आज्यानं पेठेत घर बांधलं ते काळ्या दगडात, गुलबर्ग्याकडचे गवंडी आणून. पुरुषभर उंच जोतं, दर्शनी तीन कमानी, कमानींच्या आत सागवानी खांबांचा लांबरुंद सोपा, तिथं गाद्या-तक्क्यांवर आडत चालायची. सोप्यामागं चौक, चौकाच्या पलीकडं राहतं घर, त्यावर छोटी माडी, बाकी वर पांढऱ्या मातीचं माळवद. आणि सगळ्यात मागं, ना रस्त्याला ना बोळाला, अशी एक बसकी खोली. भिंती हातभर नाही, चांगल्या दोन हात जाड. दार एवढं ठेंगणं की आत जाताना पाटलालाही वाकावं लागावं. खिडकी नाही. उजेडाला आणि वाऱ्याला माळवदात एक सवणं, म्हणजे छताला ठेवलेलं भोक, तेवढंच.

ही बाळंतिणीची खोली. आज्यानं मुद्दाम तशी बांधून घेतली होती. बाई ओरडली तर सोप्यातल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये आणि बाहेरचं वारं अंगाला लागू नये. सवण्यातून उन्हाचा एक कवडसा खाली पडायचा, त्या उजेडात इरम्मा काम करायची. तिच्याआधी तिची सासू करायची. शरणबसप्पाची बायको चन्नम्मा हिची सगळी बाळंतपणं तिथंच झाली. धाकटी शांतम्मा तर भर दुपारी झाली, कवडसा नेमका तिच्या डोक्यावर, आणि इरम्मानं तिला उचललं तेव्हा ती उन्हाला डोळे मिटून चिडली होती. इरम्मा ही गोष्ट कुणालाही, कधीही, न विचारता सांगायची.

त्या खोलीत झालेलं एकही मूल दगावलं नव्हतं. आता यात खोलीचं किती आणि इरम्माच्या हाताचं किती, हा हिशेब कुणी मांडला नाही. घरातल्या बायांनी श्रेय खोलीला दिलं. इरम्माही त्यावर कधी काही बोलली नाही, कारण तिलाही आतून तसंच वाटायचं.

पुढं चव्वेचाळीस सालच्या दिवाळीत गावात बँक आली.

कापूस आता जिनिंगमध्ये जाऊ लागला होता, आडतीचा सोपा ओस पडत चालला होता. शरणबसप्पानं मळ्यात नवं घर बांधलं आणि पेठेतलं घर हैद्राबादच्या एका बँकेला भाड्यानं द्यायचं ठरवलं. बँकेचे मोठे साहेब मोटारीतून घर बघायला आले. कमानी बघून खूश झाले, चौक बघून खूश झाले, आणि मागच्या खोलीच्या भिंतीवर छडी ठोकून तर इतके खूश झाले की तिथंच म्हणाले, तिजोरी इथं. ही खोली कशाची म्हणून त्यांनी शरणबसप्पाला विचारलं. आता चारचौघांत, सुटाबुटातल्या परक्या माणसांपुढं, गावचा प्रतिष्ठित गृहस्थ बाळंतिणीची खोली असं तोंडानं म्हणेल कसा? शरणबसप्पानं घसा खाकरला आणि सांगितलं, कोठीची खोली आहे, ज्वारी ठेवतो. झालं. लाजेपायी एका शब्दानं खोली गेली.

चन्नम्माला हे कळलं तेव्हा ती नवऱ्याशी चार दिवस बोलली नाही. चन्नम्मा म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. शांत, सोवळी, रोज सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय पाणीही न पिणारी, आणि खरं बोलण्याच्या बाबतीत इतकी कडक की आडत चालू असताना शरणबसप्पा तिला सोप्याकडं फिरकू द्यायचा नाही. एकदा गिऱ्हाइकानं सहज विचारलं होतं, कापूस कोरडा आहे ना, आणि दारातून जाता जाता ही म्हणाली होती, काल भिजला व्हता. तेव्हापासूनची बंदी.

बँकेनं घराचं रूपडं पालटलं. मधल्या कमानीवर उर्दू आणि मराठीतली पाटी चढली, बाजूच्या दोन कमानींना लोखंडी जाळ्या बसल्या. सोप्यात आडवं लाकडी काउंटर आलं, तक्क्यांच्या जागी मॅनेजरचं टेबल आलं, भिंतीवर टिकटिक करणारं मोठं घड्याळ आलं. झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या तुळईला तशाच राहिल्या, त्यांना कुणी एक कंदील अडकवला. मागच्या खोलीचं ठेंगणं दार काढून, चौकट फोडून, सोलापूरहून बैलगाडीत घालून आणलेला लोखंडी दरवाजा बसवला. तो बसवताना सहा बाप्ये घामाघूम झाले आणि इरम्मा रस्त्यावर उभी राहून त्यांना, त्यांच्या दरवाजाला आणि त्यांच्या बँकेला शिव्या घालत होती.

आणि तरीही, बघा गंमत, बँकेत झाडलोट करायला आणि पाणी भरायला बाई हवी होती, तेव्हा तीच पुढं झाली. लोक हसले. ती म्हणाली, घर माझ्या ओळखीचं हाय, दुसरी कुणी झाडली तर कोपरे सोडंल. खरं कारण वेगळं होतं. तिला त्या घरापासून लांब राहवत नव्हतं. मात्र लोखंडी दरवाजाच्या आत तिला मज्जाव होता. आतली झाडलोटही मॅनेजर स्वतः उभा राहून शिपायाकडून करून घ्यायचा. सोपा, चौक, ढेलज म्हणजे दाराची देवडी, तिनं लखलखीत ठेवली, पण आपल्या खोलीत पाऊल टाकायची तिला सोय राहिली नाही.

मॅनेजर जैनोद्दीन साहेब हा हैद्राबादकडचा, बारीक चणीचा, नियमांना घाबरणारा पण मनानं साधा माणूस. माडीवर बिऱ्हाड करून राहायचा. त्याच्या बायकोचं, मदिनाबीचं, पहिलं बाळंतपण इरम्मानंच केलं, माडीवरच. मूल गुटगुटीत निघालं आणि तेव्हापासून मदिनाबीचं इरम्माशिवाय पान हलेना.

आता शांतम्माकडं वळू या, कारण सगळं घडलं ते तिच्यापायी. तिचं लग्न उमरग्याला झालं होतं. पहिल्या बाळंतपणाला रिवाजाप्रमाणं माहेरी आली ती मळ्यातल्या नव्या घरात. बाळंतपण इरम्मानंच केलं. मूल पाचवी पुजायच्या आतच गेलं. दुसरं सासरी उमरग्याला झालं, ते जन्मतःच गेलेलं. शांतम्मा रडली, मग रडायची थांबली, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली. घराण्यातलं खोलीबाहेर झालेलं पहिलं मूल तिचं होतं. अव्वाची, म्हणजे आईची, सगळी पोरं त्या खोलीत झाली, जगली. तीही तिथंच झाली, जगली. खोली गेली आणि तिची पोरं गेली. तिला किती समजावलं तरी ती म्हणायची, मग दोन्ही का गेली, सांगा की. 

इरम्माला ते मूल विसरता येईना. एवढ्या वर्षांत हातात आलेली पोरं गेली नव्हती असं नाही, पण हे शांतम्माचं होतं. शांतम्माला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि अठ्ठेचाळीस सालच्या सुरुवातीला, सातव्या महिन्यात ती माहेरी आली, तेव्हा इरम्मा मळ्यात जाऊन तिच्यापुढं बसली आणि बोलून गेली, ‘तुझं बाळंतपण म्या त्याच खोलीत करीन. न्हाय केलं तर पुन्हा कुणाच्या बाळंतपणाला हात लावणार न्हाय.’ बोलून तर गेली, आणि घरी येईपर्यंत तिला घाम फुटला.

त्या साली दिवस वाईट होते. हद्दीपलीकडच्या सोलापूरचा रस्ता बंद, बाजारात मीठ मिळेना, रोज नव्या अफवा. एरवी शांतम्माला सोलापूरच्या दवाखान्यात नेता आलं असतं. आता गावाबाहेर पडायलाही लोक दबकत होते. त्या गोंधळात एक गोष्ट इरम्माच्या पथ्यावर पडली. वरून हुकूम आला आणि बँकेनं सगळी रोकड, दागिने, कागद एका रात्रीत हैद्राबादला हलवले. बँक नावाला उघडी राहिली. इरम्मा झाडू घेऊन चौकात उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, लोखंडी दरवाजाच्या आत आता काहीच नाही.

ती थेट मॅनेजरपुढं गेली. जैनोद्दीन साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि कानांना हात लावले. म्हणाला, ‘इरम्मा, ये बँक है, जच्चाखाना नहीं.’ ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तो नियम सांगत राहिला. मग तिनं त्याच्याशी बोलणंच सोडलं आणि माडीवर मदिनाबीकडं गेली. त्या दोघींत काय बोलणं झालं ते त्यांनाच माहीत, पण त्या आठवड्यात माडीवरून आवाज येत होते आणि ते साहेबाचे नव्हते. मदिनाबीचं म्हणणं असं, की रिकाम्या खोलीला पहारा देणारा माणूस तिनं आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो तिच्याच नशिबी यावा. शेवटी साहेब खाली आला आणि हळू आवाजात इरम्माला म्हणाला, की बँकेच्या सुट्टीच्या दिवशी झालं तर बघू. आता बाळ काय सुट्टी बघून येतं? पण वैशाखातल्या एका शुक्रवारी, त्या राज्यातल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी सकाळी शांतम्माच्या पोटात कळा सुरू झाल्या. नशीब असलं की असं असतं.

शरणबसप्पानं बैलगाडीत गादी घातली आणि लेकीला पेठेत आणलं. साहेबानं स्वतः दरवाजा उघडून दिला, किल्ली खिशात घातली आणि ढेलजेत जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. शरणबसप्पा त्याच्या शेजारी. दोघेही जबाबदार माणसांसारखे रस्त्यावरचं कुत्रं बघत राहिले.

इरम्मा शांतम्माला धरून आत गेली. चार वर्षांनी ती त्या उंबऱ्याच्या जागेवरून पलीकडं जात होती. उंबरा काढलाच होता म्हणा. मागं चन्नम्मा, हातात कंदील. आत गेल्यावर इरम्मानं सवयीनं वर पाहिलं.

सवणं नव्हतं. चोर माळवद उकरून आत उतरतील म्हणून बँकेनं दगड बसवून, चुना भरून ते बुजवून टाकलं होतं आणि वर पुन्हा पांढरी माती दाबली होती. बाहेरून कुणाला पत्ता लागला नव्हता. खोली तीच, भिंती त्याच, पण आत उजेड नाही की वारा नाही. वैशाखाचा उकाडा आणि लोखंडाचा, तेलाचा, कोंदट वास. भिंतीला लोखंडी कप्पे ठोकलेले, जिथं ती शेगडी ठेवायची तिथं तिजोरीचा चबुतरा.

इरम्मानं आधी दरवाजा सताड उघडा ठेवायला सांगितला. काही उपयोग नाही. चौकातलं वारं त्या जाड भिंतींच्या आत वळेना. बघता बघता शांतम्मा घामानं निथळली, तिला दम लागला, ओठ पांढरे पडले. कंदिलाची वातही मंद व्हायला लागली. इरम्माच्याही डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तिला कळून चुकलं, की इथं ही पोर आणि पोटातलं लेकरू दोन्ही गुदमरतील. ज्या खोलीसाठी चार वर्षं भांडली, त्या खोलीतून आता हिला बाहेर काढायचं होतं.

तिनं शांतम्माला सांगितलं, ऊठ, सोप्यात जायचं. शांतम्मानं लोखंडी कप्प्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. ‘म्या इथनं हलणार न्हाय. मेले तरी न्हाय.’ चन्नम्मानं समजावलं, इरम्मानं दटावलं, हात सोडवायला बघितलं. बाळंतपणाच्या कळांत बाईच्या अंगात बळ असतं ते बाप्यांनी बघितलेलं नाही. हात सुटेनात. आणि ओढून नेलं असतं तरी काय, मनानं ती तिथंच राहिली असती. मनानं हरलेली बाई जोर लावत नाही, हे इरम्माला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या एका बाईनं असं मूल गमावलेलं तिनं पाहिलं होतं.

मग इरम्मा तिच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, ‘ऐक. तू या खोलीत जन्मलीच न्हाईस.’

शांतम्मानं मान वळवली.

इरम्मानं पुढं सांगितलं, अगदी सावकाश, गावाला गोष्ट सांगावी तसं. की त्या दिवशी चन्नम्मा सोप्यात धान्य निवडत होती, कळा अचानक आल्या, आडत बंद होती, घरात बाप्ये नव्हते. मागं यायला वेळच मिळाला नाही. मधल्या कमानीजवळ, जिथं आता साहेबाचं टेबल आहे, तिथंच झाली ती. चन्नम्माच्या सासूला कळलं तर ती घर डोक्यावर घेईल म्हणून दोघींनी तिला कापडात गुंडाळून मागं आणलं आणि खोलीत झाली असं सांगितलं. खोलीचं काही नव्हतं, पोरी. तू उजेडात झालीस म्हणून जगलीस.

खोटं. सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटं. बाळंतिणीशी उभ्या जन्मात खोटं न बोललेली इरम्मा, आणि बोलायला लागली तर असं घडवून बोलली की ऐकणाऱ्याला धान्याचं सूपसुद्धा दिसावं. तिचा आवाज हलला नाही. 

शांतम्मा आईकडं बघायला लागली. एवढंच राहिलं होतं आता. अव्वा काय म्हणते. इरम्मानं चन्नम्माकडं बघितलं नाही, तिची हिंमत झाली नाही. नवऱ्याचं गिऱ्हाईक मोडलं तरी भिजल्या कापसाला कोरडा न म्हणणारी ही बाई. तिला खरं काय ते माहीत होतं, कारण तो कवडसा तिच्या पोरीच्या डोक्यावर पडलेला तिनं स्वतः पाहिला होता. तिनं नुसतं ‘न्हाय’ म्हटलं असतं, तरी सगळं तिथंच संपलं असतं.

चन्नम्माचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. ते तिनं मुठीत घट्ट धरलं.

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘इरम्मा सांगती तसंच. तू कमानीपाशी झालीस.’

शांतम्माची मिठी सुटली.

पुढचं सगळं भराभर झालं. मॅनेजरचं टेबल भिंतीकडं ढकललं गेलं, दौत सांडली, तिचा डाग पुढं कित्येक वर्षं फरशीवर होता. मदिनाबीनं माडीवरून चादरी आणल्या आणि तिन्ही कमानींवर पडदे बांधले. तिनं गरम पाणी आणलं, ओवा आणला, आणि ढेलजेतल्या दोन बाप्यांना पार रस्त्यापलीकडं हाकललं. कमानीतून वारं येत होतं. पडद्यांतून उजेड गाळून आत येत होता. शांतम्मानं दोन्ही हातांनी सागवानी खांब धरला आणि जोर लावला, तो असा, की इरम्माला आता काही सांगायची गरज उरली नाही.

मूल आलं, आणि रडेना.

 इरम्माचे हात थांबले नाहीत. तिनं तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, उताणं धरलं, पालथं धरलं. घड्याळ वर टिकटिक करत होतं आणि तेवढाच आवाज होता.  मदिनाबीचे ओठ हलत होते. इरम्मानं पुन्हा पाठ चोळली आणि मोठ्यानं, अगदी पेठेत जाईल अशा आवाजात, बाळाला म्हणाली की बास झालं आता, तुझ्यापायी किती जणांना घोर लावलास.

तेव्हा पोरगी रडली. आधी मांजराच्या पिल्लासारखी, मग दणकून. बँकेच्या सोप्यात तो आवाज घुमला, रस्त्यापलीकडं गेला, शरणबसप्पानं डोकीवरचा पटका काढून तोंडाला लावला आणि जैनोद्दीन साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आत इरम्मा मटकन खाली बसली. तिला हसूही येत होतं आणि रडूही येत होतं, आणि ती दोन्ही करत होती.

पोरगी जगली. स्वामी येऊन तिला लिंग बांधून गेले, नाव रीतसर ठेवलं, पण पेठेनं तिला नाव दिलं बँकव्वा, आणि तेच पडलं. साहेबाला धाकधूक होती की वर कुणी कळवेल. कुणी कळवलं नाही. भादव्यात राज्य बदललं, गावोगाव फार वाईट गोष्टी घडल्या, तेव्हा शरणबसप्पानं जैनोद्दीन साहेबाचं बिऱ्हाड आपल्या मळ्यातल्या घरात नेऊन ठेवलं आणि दारात स्वतः खाट टाकून बसला. सगळं निवल्यावर ते लोक हैद्राबादला सुखरूप गेले. मदिनाबी जाताना इरम्माच्या गळ्यात पडून रडली.

पुढच्या साली बँक बंद झाली आणि ते घर सरकारनं लेव्हीच्या धान्यासाठी घेतलं. काउंटर निघालं, जाळ्या निघाल्या, सोप्यात ज्वारीची पोती रचायची होती. इरम्मानं एक मात्र केलं. धान्याला वारं लागतं, कोंदटात कीड पडते, असं सांगून तिनं आलेल्या कारकुनाचं इतकं डोकं खाल्लं की त्यानं मागच्या खोलीचं सवणं फोडून मोकळं केलं. लोखंडी दरवाजा तेवढा राहिला, तो काढायला कुणाची तयारी नव्हती.

घर धान्यानं भरायच्या आधी शांतम्मा उमरग्याहून नवऱ्याला घेऊन आली. बँकव्वा तेव्हा धरून धरून चालायला लागली होती. चन्नम्मा आणि इरम्मा जोत्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या दिवसानंतर दोघींनी तो विषय एकदाही काढला नव्हता, एकट्या असतानासुद्धा नाही. आत शांतम्मा मधल्या कमानीपाशी उभी राहून नवऱ्याला सांगत होती, की मी इथं झाले आणि ही पण इथंच झाली. पोरगी खांबाला धरून गोल गोल फिरत होती.

इरम्माला राहवलं नाही. हळूच म्हणाली, की आक्का, माझ्यापायी तुमच्या तोंडून आयुष्यातलं तेवढं एक खोटं गेलं, ते माझ्या मनाला लागून राहिलंय.

चन्नम्मा नातीकडं बघत होती.

‘खोटं कसलं ग?’ ती म्हणाली. ‘मला तर आता तसंच आठवतंय.’